एका डोळ्याची गाडी : हेडलाइटचा बल्ब घरच्या घरी कसा बदलावा

साखरप्याहून आंबा घाट चढत होतो. जुलै महिना, रात्रीचे साडेनऊ, पाऊस आणि धुकं दोन्ही. एका वळणावर समोरून येणारा ट्रक जरा जास्तच अंगावर आला, अगदी शेवटी बाजूला झाला आणि ड्रायव्हर जाता जाता काहीतरी ओरडला. बाबा म्हणाले, "त्याची चूक नाही रे, त्याला आपण मोटारसायकल वाटलो असू." पुढे थोडी जागा बघून थांबलो, उतरून पाहिलं, तर उजवा दिवा मेलेला. पार्किंगचा इवलासा बल्ब जळत होता, पण त्या पावसात तो कुणाला दिसणार? समोरच्याला फक्त आमचा डावा दिवा दिसत होता. म्हणजे कडेकडेने बाइक येतेय आणि मधे भरपूर जागा आहे, असा त्याचा हिशेब. त्या 'मोकळ्या' जागेत आमची अर्धी गाडी होती.

वर आंब्याला चहाच्या टपरीवर एका ट्रकच्या क्लीनरने आमची अडचण कशी सोडवली ते शेवटी सांगतो. तेव्हापासून मात्र हे काम मी स्वतः करतो. आमच्या जुन्या वॅगनआरचे, मेहुण्याच्या गाडीचे, खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचे असे बरेच बल्ब आतापर्यंत बदलून झाले. पहिल्या खेपेला दीड तास लागला आणि ते करूनही बल्ब दोन महिन्यांत उडाला, कारण चुकण्यासारखं जे जे होतं ते सगळं मी चुकलो होतो. आता एका बाजूला दहा मिनिटं पुरतात. ज्यांनी वायपरचं पाणी भरण्यापलीकडे बॉनेट कधी उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं हॅलोजन बल्बच्या गाड्यांसाठी आहे. कंपनीकडूनच एलईडी हेडलाइट आले असतील तर बहुतेक वेळा आत बदलण्याजोगा बल्बच नसतो. आणि झेनॉनचे म्हणजे एचआयडीचे दिवे असतील तर हात लावू नका. ते पेटताना हजारो व्होल्टचा झटका देतात. ते काम वायरमनचं.

१. नक्की काय गेलंय ते आधी बघा

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर किंवा बंद शटरसमोर उभी करा. डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) लावा, मग अप्पर (लांबचा उजेड) लावा. दोन्ही वेळा भिंतीवर दोन-दोन उजेड पडायला हवेत.

छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. एका बाजूचा डिपर गेला पण अप्पर लागतोय, तर डिपरची तार तुटली. बल्ब बदला, विषय संपला. एका बाजूचं दोन्ही गेलं असेल तर लगेच बल्ब आणायला धावू नका, आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे असतात. फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, जास्तीचा कधीच नाही. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकतेय, आणि आपल्याकडे पार्किंगमधल्या गाड्यांत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे उंदीर.

दोन्ही बाजूंचे डिपर 'एकाच दिवशी' गेले असं लोक सांगतात. खोदून विचारलं तर बहुधा असं निघतं, की एक महिन्याभरापूर्वीच गेला होता, शहरातल्या दिव्यांच्या उजेडात कुणाच्या लक्षात आलं नाही. खरंच एकदम गेले असतील तर रिले (दिव्यांचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा छोटा डबा) किंवा स्टेअरिंगजवळचा स्विच संशयित.

२. बल्ब कोणता ते वाचून घ्या, विचारून नाही

गाडीच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानांकडे बल्बांचा तक्ता असतो. तिथे एच४, एच७, एच११, एचबी३ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. पुस्तक हरवलं असेल तर जुना बल्ब काढा, त्याच्या धातूच्या भागावर कोरलेलं असतं. जुन्या वॅगनआर, अल्टो यांसारख्या गाड्यांत एच४ असतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. एच७ आणि एच११ यांत एकच तार असते, म्हणजे अशा गाडीत डिपरचा बल्ब वेगळा आणि अप्परचा वेगळा. कोणता गेलाय ते बघूनच काढा. मेहुण्याने उत्साहात चांगला बल्ब काढून ठेवला होता.

दुकानात "अमुक गाडीचा बल्ब द्या" म्हटलं की दुकानदार अंदाजाने देतो. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत बल्ब बदलतो, म्हणून जुना बल्ब रुमालात गुंडाळून सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत गेलात तर पन्नास तऱ्हेचे समोर ठेवतील. एच४ घेताना डब्यावर ६०/५५ वॅट, पी४३टी हा बुडाचा प्रकार आणि वर्तुळातला 'ई' व आकडा अशी मान्यतेची खूण आहे ना, ते बघा. नावाजलेल्या कंपनीचा साधा बल्ब घ्या. तो महाग नसतो.

दोन घ्या. दोन्ही दिवे एकाच दिवशी बसवलेले असतात, सारखेच तास जळतात, त्यामुळे एक गेला की दुसराही फार दिवस काढत नाही. दोन्ही नवे बसवा आणि जुना चालू असलेला नव्याच्या डब्यात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका.

३. जवळ काय काय हवं

- नवे बल्ब, डब्यातच ठेवलेले
- स्वच्छ सुती हातमोजे, नाहीतर टिश्यू पेपर
- मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट आणि थोडा कापूस
- मोबाइल (टॉर्चसाठी आणि त्याहून जास्त कॅमेऱ्यासाठी)
- दिव्यामागे डोकावता येत नसेल तर चेहरा बघायचा छोटा आरसा
- जुनी चादर किंवा वर्तमानपत्रं
- माहितीपुस्तक

पाने-बिने बहुधा लागत नाहीत. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी थोडी सरकवावी लागते, तिथे १० नंबरचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर कामाला येतो. माहितीपुस्तकात बंपर काढा किंवा चाकावरचं आतलं प्लॅस्टिक सोडवा असं लिहिलं असेल, तर मी तरी म्हणेन की लेबरचे पैसे देऊन मोकळे व्हा.

४. गाडी थंड, चावी बाहेर

हे काम दिवसा करा, गाडी येऊन तासभर झाल्यावर. जळता हॅलोजन बल्ब अडीचशे अंशांच्या वर तापतो. बोट लागलं तर कातडी चिकटते. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून घाई नको. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांत एका बाजूच्या दिव्यामागे बॅटरीच असते, आणि तिच्या टोकाला कडं टेकलं की काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा कडं घालून बॉनेटमध्ये हात घालत नाही.

दिव्याखालच्या फटींवर चादर पसरा. का, ते सहाव्या पायरीत कळेल.

५. कपलर आणि रबर

दिव्याच्या मागे हात घातला की आधी वायरचा कपलर, म्हणजे वायरच्या टोकाचा प्लॅस्टिकचा प्लग, लागतो. एच४ ला तीन पात्या असतात, कपलर त्यांवर सरळ बसलेला असतो. वायर ओढायची नाही. कपलरचं प्लॅस्टिक चिमटीत धरून थोडं डावी-उजवीकडे हलवत मागे खेचायचं. वर्षानुवर्षं न काढलेला असेल तर हट्ट करतो, पण निघतो. निघाल्यावर आत नीट बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, वितळलंय किंवा पात्या हिरवट झाल्यात, तर नवा बल्ब घालून उपयोग नाही, आधी कपलर बदलून घ्या.

त्यामागे काळं गोल रबर असतं. त्याला एक कान असतो, तो धरून सोलल्यासारखं काढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. रबराची वरची बाजू कुठली ते आता उघड दिसतंय, पंधरा मिनिटांनी दिसणार नाही. काहींवर 'टॉप' असं कोरलेलंही असतं.

६. स्प्रिंग

नवखा माणूस अडतो तो इथेच. मीही पहिल्या वेळी तासभर इथेच घालवला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बल्बच्या बुडाला एका वाकवलेल्या तारेच्या क्लिपने दाबून धरलेलं असतं. तिचं एक टोक बिजागरीसारखं अडकलेलं, दुसरं एका आकड्यात. बहुतेक जण ती आपल्याकडे ओढतात. ती ओढून सुटत नाही. उलट वाकते, आणि वाकली की आयुष्यभर बल्ब ढिला बसतो. आधी ती आत, म्हणजे दिव्याच्या दिशेने दाबा, दाबलेली असतानाच बाजूला सरकवा, आकड्यातून मोकळी झाली की मग सोडा. दाब, सरकव, सोड. काही गाड्यांत दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणावी लागतात.

हात आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही, हा खरा त्रास. म्हणून हात घालण्याआधी मोबाइल दिव्यामागे धरून पाच सेकंदांचा व्हिडिओ काढा. क्लिप कुठे अडकलीय, आकडा कुठल्या बाजूला आहे, ते निवांत बघा. मग डोळे मिटून बोटांनी करा. गंमत नाही, खरंच डोळे मिटून सोपं जातं.

क्लिप काही गाड्यांत पूर्ण निघून येते आणि टुणकन खाली पडते. चादर त्यासाठीच. चादर न पसरणाऱ्याला गाडीखाली झोपावं लागतं, आणि तिथेही ती सापडेलच असं नाही, कारण खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर ती जाऊन बसते.

एच११ आणि एचबी३ यांत ही स्प्रिंग नसते. बल्ब थोडा उलटा फिरवला की निघतो. ज्यांच्या गाडीत असे आहेत त्यांनी ही पायरी सोडून द्या आणि स्वतःला नशीबवान समजा.

बल्ब सरळ मागे ओढून काढा आणि काच बघा. तार तुटलेली दिसली तर तो वयाने गेला. आतून पांढरट धूर बसल्यासारखा दिसला तर काचेला तडा जाऊन हवा शिरली होती.

७. नवा बल्ब : काचेला बोट नको

बल्ब धातूच्या बुडाला धरूनच उचला. ही काच साधी नाही, क्वार्ट्झची आहे. बोटाचं तेल तिच्यावर राहिलं की तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि काच तिथून दगा देते. माझा पहिला बल्ब दोन महिन्यांत गेला तो यामुळेच. चांगला पुसूनही घेतला होता, शर्टाच्या टोकाने! चुकून हात लागला तर कापसावर स्पिरिट घेऊन पुसा, वाळू द्या, मग बसवा.

एच४ च्या बुडाच्या चकतीला तीन कान असतात. वरचा कान इतर दोघांपेक्षा रुंद, आणि दिव्याच्या भोकातल्या खाचाही तशाच. तीनही कान खाचांत बसल्यावर बल्ब हलत नाही, फिरत नाही. फिरतोय म्हणजे बसलेला नाही. इथे 'चालतंय' म्हणून क्लिप लावू नका. कारण असं, की एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून दिव्याच्या आतल्या चकचकीत आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तो रस्त्यावर खाली उतरतो. बल्ब तिरका बसला की ही वाटी तिरकी, आणि तुमचा डिपर समोरच्याच्या डोळ्यात.

८. आता उलट्या क्रमाने

क्लिप, रबर, कपलर. रबर सगळ्या कडेने बोट फिरवून दाबा. तीनही पात्या रबरातून पूर्ण बाहेर आल्या पाहिजेत, नाहीतर कपलर अर्धाच बसतो, आणि अर्धा बसलेला कपलर तापून वितळतो. घाईत रबर न बसवता सोडणारे गॅरेजवालेही मी पाहिलेत. पहिल्या पावसात काचेत वाफ धरते, मग पाणी साचतं, मग आरशाचा चकचकीत लेप उडतो. तेवढ्यावरून अख्खा दिवा बदलायची वेळ येते.

जुना बल्ब कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून कचऱ्यात द्या. आत दाबाखालचा वायू असतो, आणि तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं.

९. भिंतीवर बघितल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका

सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. टायरांत हवा बरोबर, डिकी रिकामी. डिपर लावा. दोन्ही दिव्यांच्या उजेडाची वरची कड सारख्या उंचीवर, दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली दिसायला हवी. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, त्यामुळे कड डावीकडे थोडी वर चढलेली असते. ते बरोबरच आहे, पायी चालणारी माणसं आणि मैलाचे दगड दिसावेत म्हणून. एका बाजूची कड पुसट किंवा वर गेलेली दिसली तर स्क्रू पिळायला जाऊ नका. शंभरातल्या नव्वद वेळा बल्बच नीट बसलेला नसतो. पुन्हा उघडा.

आणि हो, स्टेअरिंगच्या आसपास शून्यापासून सुरू होणारं एक छोटं चाक असतं बघा, दिव्यांची उंची कमी-जास्त करायचं. ते कधीतरी पोरांनी फिरवून तीनवर ठेवलेलं असतं, आणि आपण 'उजेड लांब पडत नाही' म्हणून बल्ब बदलत बसतो. एकटं माणूस बसलं असेल तर शून्य.

जास्त उजेडाचा मोह

दुकानदार हमखास विचारेल, "साहेब, शंभर वॅटचा देऊ?" नको म्हणा. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, शंभरचा सव्वाआठ. गाडीची वायर, स्विच आणि कपलर त्यासाठी केलेले नाहीत. वेगळी वायरिंग आणि रिले टाकून देणारे असतात, पण त्याने समोरच्याच्या डोळ्यांचं काय?

दुसरा मोह हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडीचा. आरसा तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी नेमके येतीलच असं नाही. आपल्याला समोर पांढराशुभ्र उजेड दिसतो, त्यातला कितीतरी वर उधळलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला १०६ वा नियम अगदी मापात सांगतो : दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिव्याने दिपवता कामा नये. म्हणजे समोरून येणारा दुचाकीवालाच की! निळसर बल्बांबद्दल एवढंच, की तो निळा लेप प्रकाश गाळतो, वाढवत नाही.

नवा बल्ब घालूनही उजेड मंदच वाटत असेल तर दोन ठिकाणी बघा. एक, दिव्याची पुढची प्लॅस्टिकची काच पिवळी पडलीय का; ती पॉलिश करून घ्या. दोन, इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, कपलरवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ च्या आसपास आणि दिव्याशी साडेबारा असेल, तर मधे खराब अर्थिंग किंवा गंजलेला जोड उजेड खातोय. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. यापुढे मात्र वायरमन.

वाटेत दिवा गेला तर

आता तो क्लीनर. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. आम्ही टपरीवर "आता मलकापूरला कुणी उघडं असेल का" असं बोलत होतो, तो ऐकत होता. म्हणाला, "डावा काढून उजवीकडं घाला की." एच४ डावीकडे आणि उजवीकडे सारखाच. रात्री एकच दिवा जळणार असेल तर तो रस्त्याच्या मधल्या बाजूचा, म्हणजे उजवाच, जळायला हवा. समोरच्याला गाडीची खरी हद्द तिथे कळते. डावीकडे पार्किंगचा बल्ब आणि फॉग लॅम्प असेल तर तो चालू ठेवायचा. एक दिवा गेला म्हणून दुसऱ्याचा अप्पर लावून चालवायचं नाही.

मी लगेच बॉनेटमध्ये हात घालायला निघालो, तर त्याने मला अडवलं. आत्ताच जळत होता, थांबा म्हणाला. बाबांनी तीन चहा सांगितले. चहा संपेपर्यंत बल्ब निवला, मग त्या पोराने टॉर्च तोंडात धरून, गळ्यातल्या फडक्याने बल्ब काढला आणि इकडचा तिकडे केला. पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाला, "उद्या दोन घ्या, आणि जुना टाकू नका."